तांबडे बटण कोणाच्या बाजूचे?

कुंकू तांबडे, देव्हाऱ्यातले जास्वंद तांबडे, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना लावलेली बोटे तांबडी. मराठीत तांबडा म्हणा की कानडीत केंपु म्हणा, आपल्या घरांत या रंगाला मान आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत मात्र याच रंगाला एक नवी नोकरी लागली आहे. मोबाइलवर एखादा फोटो पुसायला घ्या, एखादा नंबर काढून टाकायला घ्या. खाली एक तांबडे बटण नाहीतर तांबडा शब्द उभा राहतो. ‘बघा हं, दाबलेत तर गेले,’ असे त्याला सांगायचे असते. वाचकहो, आज बोलायचे आहे ते या पुसून टाकणाऱ्या बटणाच्या रंगाविषयी.

मराठी शिकवणाऱ्या बाईंनी हा विषय कुठून काढला, असे कोणी म्हणेल. आमच्या कॉलेजातली बीसीएची मुले शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी काही ना काही अ‍ॅप तयार करतात, आणि बटणांवर मराठीत काय लिहायचे हे विचारायला माझ्याकडे येतात. मध्यंतरी अशीच एक जोडी आली. बायकांच्या बचत गटाचा हिशेब ठेवण्यासाठी त्यांनी अ‍ॅप केले होते. गटातल्या काही बायका मराठी वाचणाऱ्या, काही कानडी. पडद्यावर वीस सभासदांची यादी आणि प्रत्येक नावापुढे ‘डिलीट’. मुलगा म्हणाला, ‘‘मॅडम, हे सगळे तांबडेच पाहिजे, धोक्याचे आहे.’’ मुलगी म्हणाली, ‘‘वीस तांबडी बटणे एकाखाली एक आली, तर कोण बघणार त्यांच्याकडे?’’ दोघांचेही खरे होते. ते कसे, हे समजून घेताना मला जे सापडले तेच आज सांगते आहे.

तांबडा म्हणजे धोका, हे जगाला मुख्यतः रेल्वेने शिकवले. पण रेल्वेलाही ते एका दिवसात जमले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या रेल्वेत तांबडा दिवा म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे सावकाश, आणि रस्ता मोकळा असल्याची खूण होती पांढरा दिवा. पण पांढरा दिवा घराचाही असतो, रस्त्याचाही असतो. तेव्हा पुढे पांढऱ्याचे काम काढून हिरव्याला दिले गेले. चीनच्या शेअर बाजारात आजही भाव चढला की आकडा तांबडा होतो, उतरला की हिरवा. आपल्याकडे नेमके उलट. म्हणजे रंगाचा अर्थ आपल्याला कोणी आणि कुठे शिकवला, यावर सारे अवलंबून असते.

आता आपल्याच गावात बघा. उद्यमबागेतल्या मशीनवर अळंबीच्या आकाराचे एक तांबडे बटण असते, मागे पिवळा रंग. बाही अडकली, काही वेडेवाकडे झाले, की विचार न करता त्यावर थाप मारायची. मशीन जागीच थांबते. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरवर हिरवे दाबले की पाणी चालू, तांबडे दाबले की बंद. रेल्वेच्या डब्यात ओढायची साखळी, तिचीही मूठ तांबडी. कीपॅडच्या फोनवर हिरव्या कळीने फोन घ्यायचा आणि तांबड्या कळीने तोडायचा. भलतेच काही उघडले, तर बहुतेक फोनांत तांबडी कळ दाबून बाहेर पडता येई. या सगळ्या ठिकाणी तांबडे बटण माणसाच्या बाजूचे आहे. गोंधळ झाला, भीती वाटली, तर ते दाबा, सुटाल.

स्मार्टफोनवर फोटो पुसणारे तांबडे बटण याच्या अगदी विरुद्ध बोलते. तिकडे ‘विचार न करता दाबा’, इकडे ‘विचार केल्याशिवाय दाबू नका’. दोन्ही एकाच फोनमध्ये, कधीकधी एकाच मिनिटात. फोन तोडायचे तांबडे बटण निर्धास्त दाबावे आणि लगेच पुढच्या पडद्यावरचे तांबडे बटण जपून. मुलांना हा फरक सहज कळतो. ज्यांनी दहा-पंधरा वर्षे कीपॅडचा फोन वापरला, त्यांचे बोट मात्र आधीचा धडा गिरवून बसलेले असते.

आमच्या गल्लीतल्या एका आजींचे सांगते. आजोबा जाऊन दोन वर्षे झाली. ते बाजारात गेले की फोनवर बोलून निरोप पाठवायचे. मेथी घेऊ की शेपू, बस चुकली, उशीर होईल, असलेच. ते निरोप आजींच्या फोनमध्ये राहिले होते. दुपारी कधीतरी त्या ते लावून ऐकत बसायच्या. एक दिवस बोट जरा जास्त वेळ टेकले आणि पडद्यावर एक प्रश्न आला. खाली दोन शब्द, इंग्रजीत. एक करडा, एक तांबडा. आजींना त्यातून बाहेर पडायचे होते. त्यांनी तांबडे दाबले. नातवाने बेंगळुरूहून येऊन दोन दिवस खटपट केली, पण निरोप काही परत आले नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा आजी एवढेच म्हणाल्या, ‘‘तांबडं दाबलं की बंद होतंय न्हवं, बाई?’’

त्यांना काय उत्तर देणार? इतकी वर्षे फोननेच तर त्यांना तसे शिकवले होते.

मग पुसायचे बटण तांबडे करूच नये का? तसेही नाही. आयफोन काय, अँड्रॉइड काय, सगळीकडे आता हा संकेत रुजला आहे. एखाद्याने उठून आपल्या अ‍ॅपमध्ये ते निळे केले, तर नव्या पिढीचा उलटा घोटाळा होईल. प्रश्न आहे तो तांबडे किती, कुठे, आणि त्याच्या सोबतीला काय, हा.

पडद्यावर एक बटण मुख्य असते, गडद रंगाने भरलेले. डोळा आधी त्यावर जातो आणि बोट त्याच्या मागून. पुसायचे बटण असे ठसठशीत तांबडे भरले, तर इशारा देता देता तेच सगळ्यांत आकर्षक होऊन बसते. अ‍ॅपल कंपनी आपल्या अ‍ॅपकारांना सांगते की नाश करणाऱ्या कामाला मुख्य बटणाचा मान देऊ नका. लोक बहुतेक वेळा त्याच कामासाठी तिथे आले असले तरीही देऊ नका. मुख्य मान सुरक्षित बटणाला द्यावा, म्हणजे घाईत बोट पडले तरी काही बिघडत नाही.

आमच्या त्या मुलीचे म्हणणे इथे पटते. यादीतल्या वीस नावांपुढे तांबडे नको. तिथे साधा करडा शब्द पुरे, किंवा तोही एका मेनूच्या आत. शेवटचा प्रश्न विचारला जाईल, तिथे एकदाच तांबडे. जेवणात प्रत्येक घासाला मिरची आली की जिभेला तिखट कळेनासे होते, तसेच हे. आणि मुलाचेही खरे, कारण त्या शेवटच्या ठिकाणी तांबडे पाहिजेच. एअरटेल किंवा झोमॅटोसारखी ज्यांची ओळखच तांबडी, त्यांच्यापुढे तर आणखी एक पेच असतो. ‘पुढे चला’ही तांबडे आणि ‘पुसा’ही तांबडे असे झाले, तर रंगाने सांगायचे काय शिल्लक राहिले?

तांबडे म्हणजे तरी कुठले? अगदी शुद्ध, भडक तांबड्यावर पांढरी अक्षरे काढली, तर दोहोंच्या उजेडाचे गुणोत्तर सुमारे ४ ला १ येते. वेबचे नियम ठरवणारी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही संस्था साध्या आकाराच्या अक्षरांसाठी निदान ४.५ ला १ मागते. म्हणजे भडक तांबडे थोडक्यात नापास होते. म्हणून जाणते लोक रंग थोडा काळपट करतात, पिकल्या डाळिंबाच्या दाण्याकडे झुकणारा. भर उन्हात, बांधावर उभे राहून फोन बघणाऱ्याला हा फरक चांगलाच जाणवतो.

आणि ज्यांना तांबडा-हिरवा वेगळा दिसतच नाही, त्यांचे काय? अणुसिद्धान्तासाठी आपण ज्यांचे नाव शाळेत शिकलो, ते जॉन डाल्टन अशांपैकीच एक. १७९४ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे त्यांनी आपल्याच दृष्टीविषयी निबंध वाचला. पत्रावर मोहोर करायची तांबडी लाख आणि झाडाचे हिरवे पान त्यांना जवळजवळ एकाच रंगाचे दिसे. त्यांचा डोळा जपून ठेवला होता. मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी, १९९५ मध्ये, त्याची जनुकीय तपासणी झाली आणि दोष नेमका कोणता हेही कळले. युरोपीय वंशाच्या पुरुषांत बारा जणांमागे सुमारे एकाला हा दोष असतो, बायकांत दोनशेत एकीला. आपल्याकडे प्रमाण काहीसे कमी. तरी साठ मुलग्यांच्या वर्गात एक-दोघे निघाले तर नवल नाही. त्यांतल्या काहींना स्वतःलाही ते ठाऊक नसते. ‘तांबडे म्हणजे पुसा, हिरवे म्हणजे ठेवा’ अशी दोन बटणे शेजारी मांडली, तर अशा माणसाला ती दोन्ही मातकट दिसू शकतात. म्हणूनच याच कन्सॉर्शियमच्या डिसेंबर २००८ च्या नियमावलीत एक कलम आहे: कोणतीही माहिती केवळ रंगाच्या भरवशावर सोडू नका. रंगाबरोबर शब्द हवा, चित्र हवे, जागा वेगळी हवी.

जागेचाही प्रश्न सोपा नाही. विंडोजच्या चौकटीत होकाराचे बटण आधी आणि माघारीचे उजवीकडे. मॅकवर होकाराचे बटण शेवटी, उजव्या टोकाला. दोन्हीवर काम करणाऱ्याचा हात चुकणारच. म्हणून दोन बटणे खेटून ठेवू नयेत आणि एकाच अ‍ॅपमध्ये त्यांची जागा बदलू नये.

उरला शब्द, आणि इथे आपली दोन भाषांची घरे जगाला चार गोष्टी शिकवू शकतील. ‘तुम्हाला नक्की खात्री आहे का?’ असे विचारून खाली ‘हो’ आणि ‘नाही’ ठेवले, तर काय होणार हे बटणावरून कळतच नाही. त्याहून वाईट नमुना तिकिटाचा. प्रश्न: ‘तिकीट रद्द करायचे?’ खाली दोन बटणे: ‘ठीक आहे’ आणि ‘रद्द करा’. आता ‘रद्द करा’ म्हणजे तिकीट रद्द, की हा प्रश्नच रद्द? इंग्रजी ‘कॅन्सल’चा हा घोळ भाषांतराबरोबर आपल्याकडे आला. कानडीत जाऊन सुटका नाही, कारण तिथेही ‘रद्दुमाडि’च आहे. अरबी-फारसीतून आलेला एकच शब्द दोन्ही भाषांनी घेतला, त्यामुळे दोघी एकाच खड्ड्यात. उपाय मात्र दोघींच्या स्वयंपाकघरात आहे. एका बटणावर ‘तिकीट रद्द करा’ आणि दुसऱ्यावर ‘तिकीट राहू दे’. कानडीत ‘टिकेट रद्दुमाडि’ आणि ‘टिकेट इरलि’. ‘राहू दे’ आणि ‘इरलि’ हे शब्द आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. कोणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

‘डिलीट’चेही तसेच. मराठी फोनवर बहुधा ‘हटवा’ असते. आपण अतिक्रमण हटवतो, म्हणजे बाजूला करतो. गेले ते कायमचे गेले, ही भावना त्यात नाही. ‘काढून टाका’ म्हटले की ती येते. गंमत म्हणजे कानडीतला ‘तेगेदुहाकि’ अगदी याच घडणीचा आहे: तेगेदु म्हणजे काढून, हाकि म्हणजे टाका. फोटोला ‘पुसा’ आणि ‘अळिसि’ चालेल. पाटीवरचे पुसले की ते गेले, हे पोराबाळांनाही कळते. आणि बचत गटातल्या सभासदाला? तिथे मी मुलांना रेशनकार्डावरचा शब्द सुचवला: ‘नाव कमी करा’. कानडीत ‘हेसरु तेगेयिरि’. हा शब्द लिहिताच मुलांच्या ध्यानात आले की बाई गट सोडून गेली तरी तिने भरलेले पैसे आणि घेतलेले कर्ज वहीतून जायला नको. म्हणजे तिथे पुसणे हे कामच चुकीचे होते. नाव चालू यादीतून खाली जावे, हिशेब तसाच राहावा. बटणाच्या रंगावरून सुरू झालेला वाद शब्दाने असा भलतीकडे, पण बरोबर ठिकाणी नेला.

एवढे सगळे केले तरी माणूस घाईत असतो, आणि रोज रोज ‘नक्की का?’ विचारले की न वाचता ‘हो’ म्हणायला शिकतो. अमेरिकी रचनाकार आझा रास्किन यांनी २००७ मध्ये लेख लिहून हाच मुद्दा मांडला: इशारे कमी करा आणि केलेले मागे घेण्याची सोय द्या. जीमेलने २००९ मध्ये पाठवलेले पत्र थांबवण्याची सोय प्रयोग म्हणून आणली आणि २०१५ मध्ये ती सगळ्यांना दिली. पत्र ५ ते ३० सेकंद रोखून धरायचे, एवढीच युक्ती. आयफोनवर पुसलेला फोटो ३० दिवस वेगळ्या कप्प्यात पडून असतो. व्हॉट्सअ‍ॅपने डिसेंबर २०२२ मध्ये, ‘सर्वांसाठी’ऐवजी चुकून ‘फक्त माझ्यासाठी’ निरोप पुसला गेला तर तो परत आणायला पाच सेकंद दिले. पाच सेकंद तरुण बोटाला पुरतात; म्हाताऱ्या बोटाला चष्मा शोधायलाच त्याहून जास्त लागतात. जिथे खरोखरच परत आणणे शक्य नाही, तिथे वाट मुद्दाम लांब करावी. गिटहबवर आपला प्रकल्प काढून टाकायचा तर तांबड्या चौकटीतल्या ‘डेंजर झोन’मध्ये जावे लागते आणि प्रकल्पाचे नाव स्वतः टंकावे लागते. झोपेत ते होत नाही.

परतीची वाट नसली की काय होते, त्याचा मोठा दाखला १३ जानेवारी २०१८ चा. त्या सकाळी अमेरिकेच्या हवाई बेटांवर लोकांच्या फोनवर क्षेपणास्त्र येत असल्याचा खोटा इशारा गेला. पाठवणाऱ्या कर्मचाऱ्याला हल्ला खराच वाटला होता, असे त्याने पुढे सांगितले; तेव्हा सगळा दोष पडद्याच्या माथी मारता येणार नाही. पण चौकशीत दोन गोष्टी दिसल्या. सराव असो की खरा इशारा, यंत्रणा ‘पाठवायचे का?’ हे एकाच शब्दांत विचारत होती. आणि चुकीचा इशारा मागे घेण्याची काही तयारी नव्हती. दुरुस्तीचा निरोप फोनवर यायला ३८ मिनिटे लागली. तोवर आईबाप मुलांना घेऊन न्हाणीघरात लपले होते.

रंगाचा आणखी एक वापर आहे, तो सरळ लबाडीचा. वर्गणी बंद करायची असेल तर ‘चालू ठेवा’ हे बटण ठसठशीत रंगीत आणि ‘बंद करा’ फिकट करड्या बारीक अक्षरांत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत अशा फसव्या रचनांचे १३ प्रकार सांगितले आहेत. वर्गणीत अडकवून ठेवणे आणि पडद्याची मांडणी वापरून निवड दाबून टाकणे, हे दोन्ही त्यांत येतात. बटण दिसेनासे झाले म्हणजे आपलीच नजर कमी झाली असे समजू नये; ते कोणीतरी लपवलेलेही असू शकते.

आता घरच्यापुरते थोडे. मुलगा पुण्याला, सून हुबळीला, आणि आई फोनवर विचारते, ‘‘काय दाबू?’’ आपण घाईत सांगतो, ‘‘तांबडं दाब,’’ ‘‘केंपु ओत्तु.’’ हे सांगणे सोडू या. ‘‘तिथे काय लिहिले आहे ते वाचून दाखव,’’ असे म्हणू या. त्यासाठी आधी फोनची भाषा तिला वाचता येईल ती करावी. मराठी असो वा कानडी, घरातल्या मानापमानाचा तो प्रश्न नाही. प्रश्न कळला नाही तर कुठलेच बटण न दाबता मागे कसे यायचे, ते दाखवावे. गेलेल्या माणसाचा आवाज, जुने फोटो दुसऱ्या एखाद्या फोनवर किंवा संगणकावर उतरवून ठेवावेत, आणि ते आजच करावे.

आणि सुट्टीत घरी गेलात की एक खेळ करा. आईला भिंतीचा एक फोटो काढायला सांगा. तो तिलाच पुसायला लावा, तांबडे बटण तिच्याच बोटाने दाबू दे. मग पुसलेल्या फोटोंचा कप्पा उघडून तोच फोटो तिच्याच हाताने परत आणायला लावा. दोन-तीनदा झाले की कुठले पुसलेले परत येते, ते तिला कळेल. मग कुठले येत नाही, ते तुम्ही सांगा.